गणपती पेठेतलं काष्ठौषधीचं दुकान आणि एक बिननावाची पुडी

सांगलीत गणपती पेठेत जुन्या लाकडी फळ्यांचं एक काष्ठौषधीचं दुकान आहे, त्याच्याबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. दुकानाचं नाव टाकत नाही, कारण काकांनीच सांगितलंय, "ताई, चांगलं लिहा वाईट लिहा पण नाव नका टाकू, लोक येतात आणि गुडघ्यावर द्या, शुगरवर द्या म्हणतात, मी वैद्य नाही, मी दुकानदार आहे." त्यांचा शब्द पाळते. ज्यांना जायचंय त्यांनी पेठेत बाळगुटीचं सामान कुठं मिळतं म्हणून विचारा, कुणीही सांगेल. माझे पाचपैकी साडेचार. अर्धा कापलाय तो सुट्ट्या चूर्णासाठी, ते पुढं लिहिते.

मी पहिल्यांदा गेले ते काही विकत घ्यायला नाही, हातात एक पुडी होती ती दाखवायला गेले होते.

सासूबाईंचे गुडघे गेली दहा वर्षं दुखतायत. गोळ्या झाल्या, तेल झालं, शेक झाला, ऑपरेशनला त्या तयार नाहीत. मागच्या दिवाळीच्या आधी कुणीतरी फोनवर एक व्हिडिओ पाठवला, जंगलातल्या जडीबुटीचं चूर्ण, शंभर टक्के हर्बल, साइड इफेक्ट अजिबात नाही, सात दिवसांत फरक. खाली नंबर. मी फोन केला, पलीकडचा माणूस इतका गोड बोलला, आजींचं वय विचारलं, दुखणं कधीपासून आहे विचारलं, सगळं लिहून घेतल्यासारखं केलं आणि तीन महिन्यांचा कोर्स ३,६०० रुपये म्हणाला, पैसे पार्सल आल्यावर. पार्सल आलं. पुडीवर एका साधूचं चित्र, 'आयुर्वेदिक' असा ठळक शब्द, आणि सकाळ संध्याकाळ एक चमचा कोमट पाण्यातून. बास. आत काय आहे, कुणी बनवलं, कुठल्या गावात बनवलं, काही म्हणजे काही नाही.

आणि फरक पडला, तेच तर सगळ्यात वाईट झालं. चौथ्या दिवशी सासूबाई आपल्या आपण जिना चढून गच्चीवर आल्या, मी कपडे वाळत घालत होते, मागे बघते तर या उभ्या. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. घरात सगळे खूश, मी स्वतः आणखी दोघींना तो नंबर दिला, आणि हे लिहिताना आजही मनाला लागतं.

दोन महिन्यांनी चेहरा गोल दिसायला लागला. शेजारच्या म्हणाल्या, आजींची तब्येत सुधारली. पण ब्लाउज पाठीला आणि खांद्याला घट्ट व्हायला लागले आणि त्याच वेळी हातातल्या बांगड्या सैल, कोपरापर्यंत वर सरकायच्या, हातापायांच्या नुसत्या काड्या झालेल्या. भाजी निवडताना ताटाची कड जरी लागली तरी हातावर निळा डाग. मग रात्रीचं चार चार वेळा उठणं सुरू झालं म्हणून रक्त तपासलं तर उपाशीपोटी साखर २६०. आधी त्यांना शुगर नव्हती. मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, चेहऱ्याकडं बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुठलं चूर्ण चालू आहे?" मी म्हणलं, आयुर्वेदिक आहे डॉक्टर, हर्बल आहे. ते म्हणाले, हे चूर्णात स्टेरॉइड मिसळल्याचं लक्षण आहे, आणि आता एकदम बंद पण करायचं नाही. बाहेरून इतके दिवस स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं थांबवतं, एका दिवसात तोडलं तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो. मोजून मापून गोळ्या दिल्या आणि आठवड्या आठवड्यानं कमी करत नेल्या, पाच महिने लागले. ज्यांच्या घरी असलं काही चालू आहे त्यांनी हे वाचून आज पुडी कचऱ्यात टाकू नका, पुडीसकट डॉक्टरकडं जा. तो गोड बोलणारा नंबर तेव्हापासून बंद येतोय.

उरलेली एक पुडी घेऊन मी काकांकडं गेले ते या सगळ्यानंतर. माझ्या आईच्या वेळेपासून दुकान माहीत होतं, माझ्या मुलीच्या बाळगुटीचं सामान आईनं इथूनच आणलं होतं, मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा, जायफळ, सगळं उगाळायचं. म्हणून वाटलं यांना कळेल.

दुकान म्हणजे आत शिरलं की आधी वास. सुंठ, नागरमोथा, वावडिंग, हिंग आणि जुनं लाकूड, सगळं मिळून एकच वास होतो. भिंतीभर छोटे छोटे खण, प्रत्येकावर हातानं लिहिलेली चिठ्ठी. काका साठीच्या पुढचे, कपाळाला गंध, तराजू आता इलेक्ट्रॉनिक आहे पण पितळी खलबत्ता अजून तोच. त्यांनी माझी पुडी घेतली, एका कोऱ्या कागदावर थोडं ओतलं, चिमटीत घेऊन चोळलं, वास घेतला, जिभेला लावलं नाही. मग ट्यूबच्या उजेडात कागद तिरका करून बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "सुंठ आहे, मेथी आहे, थोडं असगंध असेल. पण ताई, सुंठ मेथीनं चार दिवसांत गुडघा मोकळा होत नाही, याच्यात दुसरं काहीतरी आहे आणि ते मला नाकानं कळणार नाही, ते लॅबमध्येच कळणार."

मग त्यांनी मागच्या कपाटातली चूर्णाची एक पॅक बाटली काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "हे वाचा." मी आयुष्यात पहिल्यांदा आयुर्वेदिक औषधाचं लेबल पूर्ण वाचलं. एकेका वनस्पतीचं नाव, खाली तिचं लॅटिन नाव, किती भाग, कंपनीचा पत्ता, बनवण्याचा लायसन नंबर, बॅच नंबर, तारीख. मग माझी पुडी तिच्या शेजारी ठेवली. काही बोलले नाहीत. काही बोलायची गरजच नव्हती, एका बाजूला अख्खं लेबल आणि एका बाजूला साधूचं चित्र.

त्या दिवसापासून मी या दुकानाची कायमची गिऱ्हाईक झाले. आणि कौतुक कशाचं असेल तर ते काय विकतात याच्यापेक्षा काय विकत नाहीत याचं. काउंटरच्या मागं एक यादी चिकटवलेली आहे, पिवळी पडलीय, तिला ते 'ई वनची यादी' म्हणतात. १९४५ च्या औषधांच्या नियमांमध्ये शेड्यूल ई वन म्हणून एक यादी आहे, आयुर्वेदातली विषारी द्रव्यं. अफू, भांग, धोत्रा, बिब्बा, बचनाग, गुंज, कुचला, कण्हेर, रुई, निवडुंग, जमालगोटा. यातलं काहीही पोटात घ्यायच्या औषधात असलं की बाटलीवर सावधानतेची सूचना छापावी लागते, वैद्यकीय देखरेखीखाली घ्या म्हणून. बघा, म्हणजे आपल्या शास्त्राला आणि कायद्याला, दोघांनाही पक्कं माहीत आहे की झाडपाला म्हणजे निरुपद्रवी असं काही नसतं. बिब्बा आपल्या आज्ज्या डोळ्यांसमोर फोडून वापरायच्या आणि तोच बिब्बा चुकीचा लागला तर अंगावर फोड उठतात, हे सांगलीतल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. 'हर्बल आहे, काही होत नाही' हे वाक्य आपल्याकडं आलंच कुठून मला कळत नाही, आपल्या जुन्या लोकांनी तर असं कधीच म्हटलं नव्हतं.

काकांकडं कुचला मागा, वैद्याची चिठ्ठी विचारतात. चिठ्ठी असली तरी शुद्ध केलेला, तयार औषधातलाच देतात, सुटा नाही. माझ्यासमोर महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दोन पोरं आली, भांग आहे का काका म्हणून. नाही म्हणाले. पोरगं वाद घालायला लागलं, ऑनलाइन बघितलंय, भांग लीगल आहे, केंद्राच्या कायद्यात नाही. काकांनी त्याला बाहेर काढलं नाही, शांतपणे समजावलं आणि ते मी पण ऐकत उभी राहिले, कारण मला पण हे काही माहीत नव्हतं.

तर गोष्ट अशी आहे. १९८५ चा जो अंमली पदार्थांचा केंद्रीय कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्यात चरस येतं, गांजा येतो, म्हणजे भांगेच्याच झाडाचे फुलाफळांचे शेंडे. पण नुसती पानं आणि नुसत्या बिया, शेंडे सोबत नसतील तर, त्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणून पानांची भांग केंद्राच्या त्या कायद्यात येत नाही, इथपर्यंत त्या पोराचं बरोबर होतं. पण मग राज्याचा कायदा येतो. आपल्याकडं १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, मुंबई राज्य असतानाचा, आणि त्यात भांग मादक द्रव्य म्हणून धरलीय, लायसनशिवाय बनवायची नाही, ठेवायची नाही, घ्यायची नाही. हाच १९४९ चा कायदा गुजरातमध्ये पण चालत आला, मूळ एकच मुंबई राज्य ना, आणि गुजरातनं २०१७ मध्ये भांग त्यातून काढून टाकली. म्हणजे झाड एकच, पान एकच, कायदा पण एकाच आईचा, आणि आज तिकडं सूट इकडं लायसन. काका त्या पोराला म्हणाले, "बाळा, तू वाचलंस ते अर्धं वाचलंस. उरलेलं अर्धं राज्याचं असतं." आणि जातीफलादी चूर्णात भांग असते, आयुर्वेदात तिला विजया म्हणतात, ते वैद्यांच्या चिठ्ठीवर पॅक बाटलीतलं मिळतं, लेबल आणि सूचनेसकट. सुटी भांग या दुकानात नाही.

आता हे सगळं इतकं का लिहितेय, तर माझा भाचा अमेरिकेत आहे, इंडियानापोलिसला, आणि त्याच्यामुळं हा विषय माझ्या डोक्यातून जाईना झालाय. मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर म्हणाला, मावशी, तुझ्या त्या दुकानात क्रेटम मिळतं का गं? मी म्हणलं ते काय असतं. तर तिकडं सध्या याच्यावरून राज्याराज्यांत कायदे चाललेत. त्याच्या ऑफिसातला एकजण पाठदुखीसाठी घ्यायचा, म्हणून त्याला उत्सुकता.

क्रेटम म्हणजे थायलंड, मलेशिया, इंडोनेशियाकडं होणारं एक झाड. कॉफी ज्या कुळातली त्याच कुळातलं, आपला कदंब पण त्यातलाच. तिकडचे मजूर उन्हातान्हात काम करताना त्याची पानं चघळायचे, थकवा जायला. थोडं घेतलं तर तरतरी येते, जास्त घेतलं तर गुंगी आणि वेदना कमी होतात, अफूचं औषध शरीरात जिथं काम करतं तिथंच हे पण जाऊन लागतं. सवय लागते, सोडताना त्रास होतो. थायलंडनं १९४३ मध्ये बंदी घातली होती आणि २०२१ मध्ये उठवली, म्हणजे जिथलं झाड तिथंच अठ्ठ्याहत्तर वर्षं बंद होतं. अमेरिकेत केंद्राच्या अंमली पदार्थ खात्यानं २०१६ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की हे सगळ्यात कडक यादीत टाकणार, तर लोकांनी एवढा गदारोळ केला की ऑक्टोबरमध्ये नोटीस मागं घ्यावी लागली. मग उरलं काय, तर राज्यांनी आपापलं बघायचं. भाच्याच्या इंडियानात २०१४ पासून बंदी, आणि ती पण कशी, कायद्यात त्याला कृत्रिम ड्रगच्या यादीत घातलंय. झाडाच्या पानातलं द्रव्य, कृत्रिम! आणि दोन तास गाडी चालवून ओहायो नदीचा पूल ओलांडला की केंटकी, लुईव्हिल शहर, तिथं चालतं. तिथं २०२४ मध्ये कायदा केला की एकवीसच्या खाली विकायचं नाही आणि पाकिटावर काय आहे ते छापायचं. युटा राज्यानं तर क्रेटमच्या विक्रीवर नियम घालणारा कायदा २०१९ लाच केला होता.

भाचा म्हणाला, मावशी, नदीच्या अलीकडं गुन्हा आणि पलीकडं दुकानात फळीवर. मी म्हणलं, मला काय सांगतोस, आम्ही सांगलीकर आहोत, म्हैसाळच्या पुढं गेलं की कागवाड, कर्नाटक. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा बंद आहे, दरवर्षी बंदीचा आदेश पुढं वाढवला जातो, आणि दरवर्षी सीमेवर कर्नाटकातून येणारा गुटखा पकडला म्हणून पेपरात बातमी असते. आमच्या गल्लीतल्या टपरीवर मावा घोटायचा आवाज मी रोज सकाळी दूध आणायला जाते तेव्हा ऐकते, प्लास्टिकच्या कागदात सुपारी तंबाखू चुना घालून रगडतात त्याचा. नववी दहावीची पोरं उभी असतात तिथं. बंदी आहे. पोरगं पण आहे. माझ्या माहेरच्या एका नातेवाइकाचं तोंड दोन बोटं पण उघडत नाही आता.

म्हणून मी बंदीच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नका. गुटख्याची बंदी नसती तर तो शाळेच्या दारात जाहिरातीसकट विकला गेला असता, हे मला कळतं. पण नुसत्या नावावर बंदी घातली की काम झालं असं सरकारला वाटतं ना, तिथं माझा जीव तुटतो. आमच्या घरात जी पुडी आली ती काय कायदेशीर होती का? औषधांचा कायदा १९४० चा आहे, आयुर्वेदिक औषधं १९६४ च्या दुरुस्तीनं त्यात आली, लेबल पाहिजे, लायसन पाहिजे, सगळं लिहिलेलंच आहे. कायद्यानं ती पुडी जन्मालाच यायला नको होती. ती आली, पोस्टमननं आणून दिली, मी सही करून घेतली.

आणि क्रेटमचं पण नीट बघितलं तर माझ्या पुडीसारखंच आहे. २०१८ मध्ये तिकडं क्रेटमच्या पावडरीतून साल्मोनेला नावाच्या जुलाबाच्या जंतूची साथ पसरली, ४१ राज्यांत १९९ लोक आजारी. हे झाडानं केलं का? हे घाणेरड्या जागी पावडर करून पाकिटात भरणाऱ्यानं केलं. आणि आता पानाची पावडर मागं पडून त्यातलंच एक द्रव्य, सेव्हन-ओएच म्हणतात त्याला, ते घट्ट करून गोळ्या करून विकायला लागलेत, पानात ते नावापुरतं असतं आणि गोळीत खच्चून भरलेलं, आणि पाकिटावर चित्र मात्र हिरव्या पानाचं. तिकडच्या औषध प्रशासनानं २०२५ च्या जुलैमध्ये शिफारस केली की हे जे घट्ट केलेलं आहे ते अंमली पदार्थांच्या यादीत टाका, आणि पानाला त्यातून वेगळं ठेवलं. मला हे पटलं. पान आणि पानाचा अर्क या दोन गोष्टी आहेत. आपल्या जुन्या कायद्यात गांजाचे शेंडे वेगळे आणि पानं वेगळी धरली ते याच विचारानं असणार. जो कायदा असा फरक करतो तो लोकांना पटतो, आणि पटला की पाळला जातो. सरसकट सगळ्यावर एकच शिक्का मारला की लोक म्हणतात, यांना काही कळत नाही, आणि मग खऱ्या धोक्याची सूचना पण ऐकत नाहीत.

काकांना मी क्रेटमचं विचारलं, त्यांनी नाव ऐकलेलं नव्हतं. मोबाइलवर पानाचा फोटो दाखवला, मोठा करून बघितला, कदंबाचा भाऊ दिसतोय म्हणाले. मग विचारलं, कशासाठी घेतात, किती घेतात, सुटतं का? याच क्रमानं. मी सांगितलं तसं ऐकून म्हणाले, "जे सुटत नाही ते काउंटरवर ठेवायचं नाही. आणि तुमच्या भाच्याला सांगा, पाठ दुखतेय तर आधी पाठ दाखव."

असगंधाचं पण त्यांच्याकडूनच कळलं. आपल्याकडं आता जो तो अश्वगंधा खातोय, जिममधली पोरं, बायका, झोप येत नाही म्हणून, ताकद येते म्हणून. डेन्मार्कनं २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदी घातली, हे मी त्यांना पेपरात वाचून सांगायला गेले तर त्यांना आधीच माहीत होतं. मला वाटलं चिडतील, आपलं औषध आणि परदेशात बंदी. चिडले नाहीत. म्हणाले, मूळ वापरायचं असतं, लोक पानं दळून मिसळतात, स्वस्त पडतं म्हणून, मग कुणाला काय होतंय कसं कळणार? त्यांनी खणातून अख्खी मुळी काढून हातात दिली, पेन्सिलीएवढी, मोडून दाखवली, आत पांढरी, कडकन तुटली. वास उग्र, घोड्याच्या अंगासारखा, म्हणूनच अश्व-गंध. "मुळी घ्या, घरी दळा. दळलेलं घ्यायचं तर कुणी दळलं ते माहीत पाहिजे." गरोदर बायकांना आणि थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यांना ते असगंध देत नाहीत, डॉक्टरांना विचारून या म्हणतात. माझ्या जावेला असंच परत पाठवलं, ती रागावली होती तेव्हा. तिला थायरॉइड आहे.

आता तो अर्धा गुण. सुटं चूर्ण कागदाच्या पुडीत देतात आणि त्यावर नाव लिहितात पण दळल्याची तारीख नसते. मी एकदा स्पष्ट बोलले, काका, तुम्ही मला लेबल वाचायला शिकवलं आणि तुमच्याच पुडीवर तारीख नाही. ते गप्प झाले. पुढच्या वेळी गेले तर माझ्या पुडीवर बॉलपेननं तारीख होती. पण माझ्या शेजारच्या गिऱ्हाइकाच्या पुडीवर नव्हती, बघितलं मी. सगळ्यांच्या पुडीवर यायला लागली की अर्धा गुण परत देईन. शिवाय शनिवारी संध्याकाळी काका नसतात, पुतण्या बसतो, चांगला मुलगा आहे पण त्याला खणं अजून पाठ नाहीत, नागरमोथा मागितला तर दोन खण उघडून बघतो. काही गंभीर असेल तर काका असताना जा. गाडी लावायला जागा नाही, लांब लावून चालत या. गर्दी असली की वेळ लागतो, कारण प्रत्येकाला कशासाठी पाहिजे, घरात कुणाला कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे विचारल्याशिवाय देत नाहीत, मागं उभ्या असलेल्यांची चुळबुळ होते. भाव मॉलपेक्षा कमी नाहीत, तसे फार जास्त पण नाहीत. माझं मागचं बिल सुंठ, रास्ना, गुळवेल आणि निर्गुंडीचं तेल मिळून ३४० झालं. बिल देतात, मागितलं नाही तरी.

आणि २०१९ च्या पुराचं सांगायचं राहिलं. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा पेठेत पण घुसलं, खालचे सगळे खण भिजले. वरचे कोरडे होते पण आठवडाभर दमट हवेत होते. काकांनी खालचं तर टाकलंच, वरचं पण टाकलं. आईला हे तेव्हाच कळलं होतं, ती सांगायची, पोत्यांनी सामान बाहेर काढून ठेवलं होतं चिखलात. वाळवून विकलं असतं तर कुणाला कळलं असतं? हळद, सुंठ वाळवता येते, वास पण जातो. मी काकांना त्याबद्दल विचारलं तर एवढंच म्हणाले की बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या आधी आत गेलेली असते. अजून खालच्या खणांच्या लाकडावर पाण्याची रेघ आहे, कमरेच्या वर, त्यांनी रंग दिलेला नाही.

सासूबाई आता बऱ्या आहेत. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा लहान झालाय, शुगर उतरली पण एक गोळी राहिलीय, गुडघे दुखतातच. रास्नेचा काढा आणि निर्गुंडीचं तेल चालू आहे, डॉक्टरांना दाखवून, त्यांनी हरकत नाही म्हटलं. चार दिवसांत काहीच झालं नाही, दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या सकाळचा आखडलेपणा जरा कमी वाटतोय. गच्चीवर अजून येत नाहीत, खालूनच हाक मारतात, कपडे वाळले का गं म्हणून.

मी ज्या दोघींना नंबर दिला होता त्यांच्याकडं स्वतः जाऊन आले. एकीनं घेतलंच नव्हतं, देवाची कृपा. दुसरीच्या सासऱ्यांचं चालू होतं सहा महिने, त्यांना मिरजेला घेऊन गेले, त्यांच्या गोळ्या अजून कमी करतायत. त्यांच्याकडची पुडी आणि माझ्याकडची पुडी शेजारी ठेवून बघितल्या, साधू तोच होता, चूर्णाचा रंग वेगळा होता.

माझी रिकामी पुडी काकांनी मागून घेतली. काउंटरच्या काचेखाली ठेवलीय, त्या लेबलवाल्या बाटलीच्या रिकाम्या खोक्याशेजारी. कुणी व्हिडिओ दाखवून असं चूर्ण आहे का विचारलं की बोटानं दोन्ही दाखवतात. दुकान सोमवारी बंद, बाकी दिवशी सकाळी दहा ते दुपारी दीड आणि चार ते आठ. जाताना घरात चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या, विचारणारच आहेत.